दामाजीपंतांची पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला कीर्तनाने पाठ करून दिली आहे. पंधराव्या शतकातला भीषण दुष्काळ. पंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी, ताब्यात सरकारी धान्याची कोठारे आणि दाराशी उपाशी माणसांची रीघ. पंतांनी बिदरच्या हुकमाची वाट न पाहता कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. खबर दरबारात गेली, पंतांना धरून आणायला माणसे निघाली. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस बिदरला पोचला. त्याने धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती मागून घेतली. ती पावती पुढे पंतांना त्यांच्या पोथीत मिळाली. महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितलेली ही कथा कीर्तनकारांच्या मुखाने गावोगाव गेली.

कीर्तनाच्या रंगात लक्ष जाते ते भक्तासाठी धावून आलेल्या देवाकडे. पण या कथेत सर्वांत विचार करायला लावणारी वस्तू ती पावती आहे. देवाला काय अशक्य होते? सुलतानाचे मन पालटले असते, रिकामी कोठारे रातोरात भरली असती. संतकथांमध्ये असे चमत्कार काही कमी नाहीत. इथे मात्र विठू महाराच्या रूपातला पांडुरंग धान्याची किंमत मोजतो, ती खजिन्यात जमा करतो आणि जमा केल्याचा लेखी पुरावा घेऊन मगच जातो. पुण्य मोठे होते, जीव वाचले होते, तरी दुसऱ्याच्या कोठारातून काढलेल्या धान्याचा हिशेब शिल्लक होता. पंतांच्या पुण्याईत तो जिरला नाही. तो वेगळा चुकता करावा लागला.

चांगल्या हेतूने खर्चलेल्या सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायलाच हवा का? हवा, तर कोणाला? आणि तो नुसता रुपयांचा, की त्या रुपयांतून लोकांच्या पदरात काय पडले याचाही? हे नीतीचे प्रश्न आहेत आणि ते दरवर्षी विधिमंडळात उभे राहतात. खाती अंदाजपत्रकाच्या मागण्या घेऊन सभागृहापुढे येतात, वर्ष सरल्यावर विनियोजन लेखे येतात, महालेखापरीक्षकांचे अहवाल पटलावर ठेवले जातात, महामंडळांचे वार्षिक अहवाल येतात. वरवर पाहता हे सारे रुक्ष कारकुनी काम वाटते. त्याच्या तळाशी मात्र माणसाने माणसाला उत्तर का द्यावे, हा जुना प्रश्न आहे.

आपल्याकडे हिशेब मागणे अपमानाचे समजतात. भावाभावांत हिशेब निघाला की घर फुटले असे मानायची रीत आहे. मंडळाच्या, देवस्थानाच्या, पतसंस्थेच्या सभेत एखादा सभासद खर्चाबद्दल विचारायला उभा राहिला, तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. सरकारी कचेरीतही लेखापरीक्षा पथक आले की संकट आल्याचे वातावरण होते. या सगळ्यामागे एक गृहीत आहे: संशय असेल तरच हिशेब मागतात. हे गृहीतच चुकीचे आहे. हिशेब द्यायचा तो पैसा दुसऱ्याचा आहे म्हणून. देणारा चोर असो की संत, त्याने काही फरक पडत नाही.

आपला पैसा आणि दुसऱ्याचा पैसा यांतला हा फरक तुकोबांच्या चरित्रात फार स्पष्ट दिसतो. दुष्काळाने संसार उद्ध्वस्त झाला, सावकारी बुडाली आणि विरक्त तुकोबांनी कर्जखतांची कागदपत्रे इंद्रायणीत सोडून दिली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपला वाटा मागितला. तुकोबांनी निम्मी खते कान्होबांच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. आपल्या पैशावर पाणी सोडण्याचा अधिकार माणसाला आहे. भावाच्या पैशावर तो नाही, मग वैराग्य कितीही खरे असो. सरकारी खात्याकडे असलेला प्रत्येक रुपया कान्होबांच्या वाट्याचा असतो. खातेप्रमुखाला त्यावर उदार होता येत नाही, तो माफ करता येत नाही, आणि ‘देवाला ठाऊक आहे मी काय केले ते’ असे म्हणून मोकळेही होता येत नाही.

गांधीजींनी हे सूत्र संस्थांना लावले. १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी करताना त्यांनी लहानसहान रकमेचीही पावती देण्याचा आग्रह धरला, आणि चोख हिशेबाशिवाय सार्वजनिक कामात सत्य शुद्ध राहू शकत नाही, असे आत्मकथेत नमूद केले. त्याहून मोलाचे त्यांचे दुसरे निरीक्षण आहे. सार्वजनिक संस्थेने कायमचा निधी साठवून त्याच्या व्याजावर चालू नये, या मताला ते अनुभवाने आले. ज्या संस्थेला दरवर्षी लोकांच्या दारात वर्गणीसाठी जावे लागते, तिला दरवर्षी लोकांना तोंड द्यावे लागते. व्याज मिळू लागले की लोकमताची गरज संपते आणि संस्था हळूहळू स्वतःसाठी जगू लागते.

राज्यघटनेच्या आर्थिक तरतुदी वाचताना हा विचार पुन्हा भेटतो. अनुच्छेद २६६ सांगतो की एकत्रित निधीतून पैसा काढायचा तर कायद्यानेच काढता येईल. तो कायदा म्हणजे विनियोजन अधिनियम, आणि तो वर्षापुरताच असतो. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते. कितीही कर्तबगार खाते असले तरी १ एप्रिलला त्याच्या हातात स्वतःचे असे काही नसते, त्याला पुन्हा सभागृहाकडे यावे लागते. मार्चअखेरची ती कोषागारातली धावपळ, बिलांचे गठ्ठे, रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे यांची चेष्टा बरीच होते. पण ज्या तत्त्वापायी ही धावपळ होते ते तत्त्व मोलाचे आहे: सत्तेला दरवर्षी रिकाम्या हाताने लोकांसमोर उभे करायचे.

राजेशाहीतही हिशेब होता, आणि कडक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिशेबाच्या कचेरीची रचना आहे, आषाढी पौर्णिमेला हिशेबाचे वर्ष संपते, ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा मोहोरबंद लेखे आणि शिल्लक घेऊन यायचे असते, आणि अपहाराचे चाळीस प्रकार वेगवेगळे नोंदवले आहेत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च तपासणारा मुजुमदार होता. पण या सर्व व्यवस्थांत हिशेबाचा प्रवाह खालून वर जाई आणि सिंहासनापाशी थांबे. राजाने कोणाला उत्तर द्यायचे? देवाला, धर्माला, परलोकातल्या चित्रगुप्ताला. प्रजेला मात्र ती चोपडी कधीच उघडून दाखवली जात नसे. चित्रगुप्ताची कल्पना माणसाला एकांतातही धाक घालते, ही तिची ताकद खरी. पण तो हिशेब मेल्यानंतरचा असतो आणि ज्याचे नुकसान झाले त्याला तो पाहायला मिळत नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला या जन्मी, या हंगामात उत्तर हवे असते.

इंग्रजी अमलात निराळी विटंबना होती. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, मतदानाची नाही. अशा सभागृहात गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली बोलायला उभे राहिले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला आणि १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चिरफाड करून आलेला हा माणूस. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजलेला असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल होतो आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. पुढे १९०३ पासून मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. एकाही मागणीत एक पैशाची कपात करण्याचा अधिकार नसलेल्या सभासदाने नुसत्या आकड्यांच्या वाचनाने एवढे केले, ही आजच्या आमदारांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्या हाती मतही आहे.

खालून वर जाणारा हिशेबाचा हा प्रवाह उलटा फिरवण्याचे काम घटनेने केले, आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा ठळक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा त्यांच्या कोलंबियातल्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाची चर्चा झाली, तेव्हा त्यांनी या अधिकाऱ्याला घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले आणि त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही मोठे असल्याचे सांगितले. कारण साधे होते. संसदेने ज्या कामासाठी जितका पैसा मंजूर केला, त्याच कामावर तितकाच खर्च झाला का, हे पाहणारा दुसरा कोणी नाही. न्यायसंस्थेला असते तसे स्वातंत्र्य या पदाला आपल्या कर्मचारीवर्गाबाबतही असायला हवे होते, ही खंतही त्यांनी बोलून दाखवली. महार वतनदारांच्या पिढीजात कामांत गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवण्याचे काम होते. खजिना ज्यांच्या डोक्यावरून सुखरूप जात असे, त्यांना त्या खजिन्याचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार कोणत्याच राजवटीने दिला नव्हता. त्या समाजातून आलेल्या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मागणारे पद घटनेत भक्कम करण्यासाठी बोलावे, याला मोठा ऐतिहासिक अर्थ आहे.

प्रत्यक्षात हे काम एका साध्या कागदापासून सुरू होते. लेखापरीक्षक एखाद्या कार्यालयात जातो, पावत्या, रोकडवही, मोजमाप पुस्तक, साठा नोंदवही पाहतो, आणि जिथे शंका येते तिथे अर्धसमास पत्र देतो. पानाच्या एका अर्ध्या भागात त्याचा प्रश्न असतो. दुसरा अर्धा भाग कार्यालयाच्या उत्तरासाठी कोरा सोडलेला असतो. न्यायाची कल्पना इतक्या साधेपणाने कागदावर क्वचितच उतरली असेल. आरोप करणाऱ्याने समोरच्याच्या उत्तरासाठी जागा राखून ठेवायची, तीही स्वतःच्या जागेइतकीच. उत्तर समाधानकारक असेल तर आक्षेप तिथेच मिटतो. नसेल तर तो वर चढत जातो, मसुदा परिच्छेद होऊन मंत्रालयातल्या सचिवापर्यंत पोचतो आणि अखेरीस अहवालात छापला जातो. अनुच्छेद १५१ नुसार राज्याच्या लेख्यांवरचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि राज्यपाल तो विधानमंडळापुढे ठेववतात. तिथून तो लोकलेखा समितीकडे जातो, आणि समितीपुढे खात्याच्या सचिवाला साक्षीला बसावे लागते. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. त्या वर्षी मुंबईचे मिनू मसानी पहिले विरोधी पक्षीय अध्यक्ष झाले.

अहवालांतून वारंवार भेटणारे एक वाक्य आहे: शासनाचे उत्तर प्राप्त झाले नाही. कोरी ठेवलेली अर्धी जागा कोरीच राहिली, एवढाच त्याचा अर्थ. लेखापरीक्षेतला सर्वांत गंभीर आक्षेप तोच मानायला हवा. चुकीचा खर्च दुरुस्त करता येतो. प्रश्न ऐकूनही गप्प बसणे म्हणजे विचारणाऱ्याचा अधिकारच नाकारणे आहे.

बिहारच्या चारा घोटाळ्याचा उल्लेख होतो तो खटल्यांच्या आणि शिक्षांच्या संदर्भात. त्याची सुरुवातीची वर्षे अधिक बोलकी आहेत. पशुसंवर्धन खाते विधिमंडळाने मंजूर केलेल्या तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त रक्कम वर्षानुवर्षे कोषागारांतून उचलत होते. ही गोष्ट गुप्त राहण्यासारखी नव्हतीच. मंजूर आकडा आणि खर्चाचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की फरक दिसत होता, आणि लेखापरीक्षेने तो दाखवलाही होता. १९९६ च्या जानेवारीत चाईबासा इथे छापे पडले तेव्हा खोटी बिले बाहेर आली. ज्या वाहनांतून जनावरे आणि चारा नेल्याचे दाखवले होते, त्यांतल्या काहींचे नोंदणी क्रमांक स्कूटरचे निघाले. घोटाळ्याची रक्कम सुमारे ९५० कोटी रुपये मानली जाते. आकडे होते, अहवाल होते. सभागृहाने ते वेळीच वाचून जाब विचारला असता, तर पोलिसांची वेळ येण्याआधी हे थांबले असते.

त्याच राज्याबद्दल २०२५ साली पटलावर आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंद होती की ३१ मार्च २०२४ पर्यंत सुमारे ७० हजार कोटी रुपयांच्या अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे आलेलीच नव्हती. हा सगळा पैसा खाल्ला गेला असे यावरून म्हणता येत नाही, आणि कोणी म्हणूही नये. शाळा बांधल्या गेल्या असतील, रस्ते झाले असतील. पण झाले की नाही हे सांगणारा कागद नाही. नीतीच्या दृष्टीने ही स्थिती फार वेगळी समजली पाहिजे. पैसा योग्य ठिकाणी गेला असला, तरी ज्याचा पैसा आहे त्याला ते कळवले नाही, हा स्वतंत्र अपराध आहे. मालकाला अंधारात ठेवून केलेली प्रामाणिक सेवासुद्धा अपुरीच. तरतूद व्यपगत होऊ नये म्हणून मार्चअखेर रक्कम स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या वेगळ्या खात्यात, वळवून ती खर्ची टाकली जाते, त्यावर महालेखापरीक्षक सतत आक्षेप घेतात तेही यासाठीच. वहीत खर्च झाला, जागेवर एक वीटही रचली गेली नाही, आणि सभागृहाला वाटले काम झाले.

इथे दुसरा, अधिक अवघड प्रश्न येतो. पावत्या सगळ्या जुळल्या, निविदा नियमाप्रमाणे निघाल्या, तरी पाणी शेतात पोचले का? महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने हा प्रश्न एका आकड्याने उभा केला. २०००-०१ साली राज्यातल्या एकूण पीकक्षेत्रापैकी १७.८ टक्के क्षेत्र सिंचनाखाली होते, २००९-१० साली ते १७.९ टक्के झाले. दहा वर्षे, हजारो कोटींचा खर्च आणि वाढ ०.१ टक्का. वादळ उठले, आकड्याच्या अचूकतेवर वाद झाले, २०१२ च्या नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली. सिंचन क्षमता निर्माण होणे आणि प्रत्यक्ष भिजणे यांतला फरक त्या निमित्ताने वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला कळला. त्यानंतर मात्र वर्षानुवर्षे आर्थिक पाहणीत या टक्केवारीच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असे छापले जाऊ लागले. विधिमंडळापुढे मांडल्या जाणाऱ्या दस्तऐवजातून राज्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडाच गळाला. पैसा किती गेला हे सांगणे आणि पाणी किती आले हे न सांगणे म्हणजे अर्धाच हिशेब.

‘आम्ही काम केले, फळ आमच्या हातात नाही’ असे समर्थन अशा वेळी ऐकू येते, आणि त्याला गीतेचा आधारही दिला जातो. हा गीतेवर अन्याय आहे. निष्काम कर्म म्हणजे फळावरचा स्वतःचा हक्क सोडणे. ज्याच्यासाठी काम केले त्याला फळ मिळाले की नाही हे न पाहणे, हा त्याचा अर्थ होत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात कर्मयोगाचा सगळा भर लोकसंग्रहावर आहे. लोकांचे धारण-पोषण झाले का, हे तपासल्याशिवाय लोकसंग्रह साधला हे कळणार कसे? कालवा खोदणाऱ्या अभियंत्याने कीर्तीची इच्छा धरू नये हे खरे. पण कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले का, याची चौकशी त्याने केलीच पाहिजे, आणि जे दिसेल ते सभागृहाला सांगितलेच पाहिजे.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो दामाजीपंतांच्या बाजूचा आहे. माणसे मरत असताना मंजुरीची वाट पाहायची का? हिशेबाच्या भीतीने अधिकारी सही करायलाच कचरू लागले तर? हे भय काल्पनिक नाही. लेखापरीक्षेचा आक्षेप निवृत्तीनंतरही पिच्छा पुरवतो, म्हणून फाइल पुढे ढकलणारे अधिकारी आहेत, आणि त्याची किंमत गरीब मोजतात. घटनाकारांना ही अडचण दिसत होती. अनुच्छेद २६७ ने आकस्मिकता निधीची सोय केली. अकल्पित संकटात सरकारने आधी खर्च करावा आणि मग सभागृहाकडे येऊन मंजुरी घ्यावी. अनुच्छेद २०५ प्रमाणे तरतुदीपेक्षा जास्त झालेला खर्चही पुन्हा सभागृहापुढे मांडावा लागतो. कोठार उघडण्याची मुभा आहे. उघडल्यावर सांगायचे नाही, ही मुभा नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एक आदर्शही दिला. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तिचे जनक. मागेल त्याला काम, ही हमी १९७७ च्या कायद्याने दिली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या मजुरीत वाटा उचलला. आणि तिच्यावर देखरेख ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती आली. भुकेल्याचे धान्य कोणा एका सज्जनाच्या धाडसावर अवलंबून राहू नये, त्याला कायद्याचा आधार असावा, त्यासाठी पैशाचा ठरलेला स्रोत असावा, आणि त्याचा हिशेब निवडून आलेल्यांनी घ्यावा. दामाजीपंतांना जे एकट्याने, जिवावर उदार होऊन करावे लागले, ते राज्याने सगळ्यांच्या संमतीने करायचे ठरवले. दुष्काळाच्या इतिहासात याहून मोठे नैतिक पाऊल दाखवणे कठीण आहे.

हिशेब देणाऱ्याचे कर्तव्य इथवर झाले. घेणाऱ्याचे काय? नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची आहे, आणि विधिमंडळात नेमकी तीच कच्ची राहिली आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल पटलावर येईपर्यंत गोपनीय असतो. तो किती दिवसांत ठेवायचा याची मुदत अनुच्छेद १५१ मध्ये नाही. दिल्लीत चौदा अहवाल रखडले, उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत त्या विलंबावर कडक शब्दांत टीका केली आणि सरकार बदलल्यानंतर फेब्रुवारीपासून ते विधानसभेत येऊ लागले. महाराष्ट्रात अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात. तोवर सभासद परतीच्या गाडीच्या वेळा पाहत असतात, चर्चेला वेळ उरत नाही, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन रकाने येतात आणि विषय संपतो.

मंजुरीच्या वेळी तरी नीट ऐकले जाते का? २०२४ साली २८ जूनला राज्याचे अतिरिक्त अंदाजपत्रक मांडले गेले आणि अकरा दिवसांनी, ९ जुलैला, सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांतल्या योजना चांगल्या की वाईट हा वेगळा वाद. एवढी रक्कम समजून घ्यायला, खात्यांना प्रश्न विचारायला सभागृहाने किती तास दिले, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही लागू आहे. लोकलेखा समितीच्या शिफारशींवरचे अनुपालन अहवाल वर्षानुवर्षे येत नाहीत आणि त्याबद्दल सभागृहात कोणी उभे राहत नाही. ऐकणाराच डोळे मिटून बसला की सांगणाऱ्याचा हिशेब हा उपचार होतो, आणि ही जबाबदारी खात्यांवर ढकलता येत नाही.

या दोघांपलीकडे तिसरा माणूस आहे, ज्याचा पैसा आहे तो. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातल्या कोटकिराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली आणि गावकऱ्यांसमोर हजेरीपटातली नावे मोठ्याने वाचली गेली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या चळवळीची घोषणा. त्या वाटेने २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या कलम ८ मध्ये एक विलक्षण वाक्य होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. एका वाक्यात कायद्याने साध्या नागरिकाला सभागृहाच्या पंक्तीला बसवले होते. २०२३ साली संसदेने केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि हे वाक्य त्यातून गेले. खाजगी आयुष्याचे रक्षण हवेच. त्यासाठी हे वाक्य काढण्याची गरज नव्हती, ते परत आले पाहिजे.

महालेखापरीक्षकांचे राज्यविषयक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, मराठीतही. वाचकांनी आपल्या जिल्ह्याशी संबंधित एक तरी परिच्छेद शोधून वाचावा: रुग्णालयाचा, धरणाचा, शाळेचा, पाणीपुरवठा योजनेचा. मग पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला लेखी विचारावे की या परिच्छेदावर खात्याने उत्तर दिले का, लोकलेखा समितीने साक्ष घेतली का, आणि तुम्ही स्वतः तो वाचला आहे का. पत्राची पोच घ्यायला विसरू नये.